धरणं आणि सोडणं: धृतीचे तीन प्रकार आणि एका जुन्या गाडीचे ब्रेक



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३३ ते ३५.

काल आपण श्लोक ३० ते ३२ वाचले. तिथे भगवंतांनी बुद्धीचे तीन प्रकार सांगितले. आज त्याच ओघात धृतीचे तीन प्रकार येतात. धृती हा शब्द 'धृ' या धातूपासून आला. धृ म्हणजे धरणं, पेलणं. धर्म, आधार, धारणा हे सगळे याच घरातले शब्द. तेव्हा धृती म्हणजे सोप्या मराठीत माणसाची 'धरून ठेवायची ताकद'.

तीन श्लोकांचा भाव थोडक्यात असा. जी धृती मन, प्राण आणि इंद्रियं यांच्या हालचाली योगाने, न ढळता धरून ठेवते ती सात्त्विक. जी धर्म, काम आणि अर्थ यांना आसक्तीने, फळावर डोळा ठेवून धरते ती राजस. आणि जिच्यामुळे दुर्बुद्धीचा माणूस स्वप्न, भय, शोक, विषाद आणि मद सोडत नाही ती तामस.

तिसऱ्या श्लोकातलं क्रियापद बघा. पहिल्या दोन श्लोकांत 'धारण करते' असं आहे. तिसऱ्यात 'सोडत नाही' असं आहे. मला वाटतं, आजच्या वाचनाची किल्ली इथेच आहे. न सोडणं हीसुद्धा एक धृतीच आहे, भगवंतांनी तिला धृतीच म्हटलंय. ताकद तीच, पण ती अडकलेली आहे.

हे आज लिहायचं कारण म्हणजे एका वाचकाचा प्रश्न. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारा मुलगा आहे. त्याने लिहिलंय, "दादा, राज्यसेवेचा चौथा प्रयत्न गेला. घरचे म्हणतात सोड आता. मी म्हणतो धरून ठेवणार. रोज गीता वाचतो. पण आता मलाच कळत नाही, हे धैर्य आहे की हट्ट?"

प्रश्न खरा आहे आणि त्याच्यामागे एक अख्खं घर आहे, वडिलांचे पैसे आहेत, विशीतली वर्षं आहेत. त्यामुळे 'मेहनत करत राहा, फळाची चिंता नको' एवढं म्हणून मोकळं होणं मला जमणार नाही. यावर मला जे थोडंफार समजलं, ते गेल्या काही शनिवारांत एका जुन्या गाडीखाली पडून समजलं. तेच सांगतो.

नोकरीमुळे मी सध्या इंग्लंडात, ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो. जवळच टेम्स नदीकाठी अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे. एमजीबी ही उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तिथल्या कारखान्यात बनायची. पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या. १९८० साली कारखाना बंद झाला, पण इकडच्या गल्लीबोळांत त्या गाड्या अजून दिसतात. आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली एक एमजीबी आहे. इथे वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात. ते काही माझ्या तोंडी बसत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणतो. गाडी तीन हिवाळे शेडमध्ये उभी होती. काकांना ब्रेक सगळे उघडून नीट करायचे होते, आणि जमिनीवर झोपून काम करायला त्यांना कुणीतरी तरुण हवा होता.

ब्रेकचं काम काय? आपण पटकन म्हणतो, गाडी थांबवणं. पण ब्रेक उघडून बघितला की लक्षात येतं की त्याची कामं दोन आहेत. धरणं आणि सोडणं. जो धरत नाही तो ब्रेक धोक्याचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जो धरल्यावर सोडत नाही तोही तितकाच धोक्याचा. चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढली जाते, आणि इंजिनाची ताकद पुढे जायच्या ऐवजी नुसत्या घर्षणात जळते. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींना हे वेगळ्या रूपात ठाऊक आहे: एखाद्या थ्रेडने लॉक घेतला आणि परत सोडलाच नाही, की बाकी सगळा प्रोग्रॅम उत्तम असूनही जागच्या जागी उभा राहतो.

सुरुवात मागच्या चाकांपासून केली. एमजीबीला मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत एक छोटा सिलेंडर असतो, तो दाबाखाली दोन्ही ब्रेक शू बाहेर ढकलतो. हा सिलेंडर मागच्या पत्र्याला एका स्प्रिंगच्या क्लिपने अडकवलेला असतो. क्लिप रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, किंचित वाकवलेली, आणि या गाड्यांवर काम करणाऱ्या लोकांत अतिशय बदनाम. सिलेंडर समोरून पत्र्याला घट्ट दाबून धरायचा आणि त्याच वेळी मागून, जिथे हात धड पोचत नाही आणि नजर तर मुळीच पोचत नाही, तिथे ती क्लिप खाचेत बसवायची. एक बाजू बसली की दुसरी उडते. क्लिप टणकन शेडच्या कोपऱ्यात जाते, आणि मग टॉर्च घेऊन शोधाशोध.

काका म्हणाले, या क्लिपपाशी माणसाचे दोन प्रकार दिसतात. पहिल्याला रविवारी गाडी रस्त्यावर हवी असते. तो स्क्रूड्रायव्हरने रेटतो, मग हातोडी घेतो, मग ती वाकलेली क्लिपच कशीबशी बसवतो. चिकाटी त्याच्याकडे भरपूर असते, रात्री अकरापर्यंत तो हटत नाही. पण त्याची नजर क्लिपवर नसते, रविवारवर असते.

दुसरा माणूस आधी खाली बसतो आणि विचार करतो की ही क्लिप का उडते. उडते, कारण सिलेंडर हलतोय आणि जोर एकाच बाजूने लागतोय. मग तो चाकाचा हब आणि सिलेंडर यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोकतो. आता सिलेंडर हलत नाही. मागून क्लिपवर १ १/८ इंचाचा सॉकेट ठेवतो, म्हणजे जोर चहूबाजूंनी सारखा लागेल. आणि क्लॅम्पने हळूहळू, पाव-पाव फेरा देत दाबत जातो. एका क्षणी 'टक्' असा आवाज येतो आणि क्लिप बसलेली असते.

दोघांमध्ये चिकाटी कमी-जास्त आहे का? नाही. पहिल्याचे तास कदाचित जास्तच भरतील. फरक इतकाच की एकाने फळ धरलंय आणि दुसऱ्याने काम धरलंय. राजस आणि सात्त्विक धृतीतला फरक मला याहून सोपा करून सांगता येत नाही. राजस धृतीला भगवंत वाईट म्हणत नाहीत, हेही लक्षात घ्या. ती धर्म धरते, अर्थ धरते, काम करून घेते. पण फळ लांबलं की ती हातोडी उचलते. आणि हातोडीने बसवलेल्या ब्रेकवर मी माझ्या माणसांना बसवणार नाही.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. तिथे कॅलिपरमध्ये दोन पिस्टन असतात, डिस्कच्या दोन बाजूंना एकेक. पेडल दाबलं की दोघे आत येतात आणि पॅड डिस्कला चिमटीत धरतात. आमच्या उजव्या चाकाचा एक पिस्टन जाम होता. त्याने धरलेलं सोडलंच नव्हतं, त्या बाजूचा पॅड जवळजवळ संपला होता.

जाम का होतो? ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. हा त्याचा स्वभावच आहे. बाटलीचं झाकण नीट लावलेलं नसलं तरी ते ओल घेतं. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड नवीन असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे घाट उतरताना ब्रेक तापले की फ्लुइडला उकळी फुटायची भीती वाढते. आणि गाडी उभी असली तर ती ओल आतल्या आत धातूला गंजवते. बाहेरून काही दिसत नाही. गाडी उभी आहे, चकचकीत आहे, आणि आत गंज चढतोय.

आता भगवंतांची यादी पुन्हा वाचा: स्वप्न, भय, शोक, विषाद, मद. यातलं काहीही एका रात्रीत येत नाही. ओलीसारखं मुरतं. एक निकाल, एका नातेवाइकाचं एक वाक्य, बरोबरीच्या मित्राची पोस्टिंग. आणि एक खुलासा करतो, कारण तरुण वाचकांचा इथे हमखास गोंधळ होतो. 'स्वप्न' म्हणजे इथे महत्त्वाकांक्षा नव्हे. भाष्यकार त्याचा अर्थ निद्रा असा घेतात. हा श्लोक तुम्हाला स्वप्नं सोडा असं सांगत नाही. दुपारी दोनपर्यंत पांघरूण सोडवत नाही, त्या झोपेबद्दल तो बोलतोय.

जाम पिस्टन काढायची रीत मला फार आवडली. पक्कड लावून उपटायचा नाही, त्याने पिस्टनवर ओरखडे पडतात. बाहेरून जोर न लावता आतून लावायचा. कॅलिपर पाइपला जोडलेलाच ठेवायचा आणि हलकेच ब्रेकचं पेडल दाबायचं, म्हणजे फ्लुइडच त्याला मागून ढकलेल. पण इथे एक अडचण येते. दोन्ही पिस्टनना दाब सारखाच मिळतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलोय. मग हलणार कोण? जो आधीच मोकळा आहे तो. जाम पिस्टन जागेवर, आणि मोकळा पिस्टन सरसर बाहेर. तुम्ही कितीही दाबा, सगळी ताकद मोकळ्याकडेच जाणार.

म्हणून आधी मोकळ्या पिस्टनला क्लॅम्प लावून अडवायचं. आता दाबाला दुसरी वाटच नाही. हळूहळू, केसभर, मग आणखी केसभर, जाम पिस्टन सरकायला लागतो. मधे थांबावं लागतं. गंज सोडवायचं तेल सोडून ते रात्रभर मुरू द्यावं लागतं. आम्हाला दोन शनिवार लागले. शेवटी फसकन निघाला, खाली लावलेल्या फडक्यात पडला.

मंडळी, साधनेत आणि अभ्यासात आपण नेमकं उलट करतो. जोर लावतो, पण तो मोकळ्या पिस्टनला लागतो. ज्याला जप जमतो तो आणखी दोन माळा ओढतो, पण भावाशी बोलत नाही तो नाहीच. ज्याला इतिहास आवडतो तो इतिहासाचीच चौथी उजळणी करतो, आणि जिथे दर वेळी गुण जातात तो पेपर तसाच राहतो. दिवसाचे तास भरतात, डायरी भरते, पण अडकलेलं तिथेच असतं. सदाशिव पेठेतल्या माझ्या मित्रा, तुला पहिली गोष्ट ही सांगीन. तुझं जे सहज चालतं, त्याला एक महिना क्लॅम्प लाव. मग बघ, जोर कुठे जातो.

बाहेर आलेला पिस्टन हातात घेऊन बघितला. क्रोमचा मुलामा उडालेला, खड्डे पडलेले. तो घासून परत बसवता आला नसता, त्या खड्ड्यांनी नवीन सील फाटलं असतं. काका क्षणभर घुटमळले, कारण त्यांच्या लेखी तो 'ओरिजिनल' होता. मग हसून म्हणाले, ओरिजिनल असण्याचा अभिमान चाकाला नसतो, फक्त मालकाला असतो. आणि तो पिस्टन भंगारात गेला. त्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचा आला. यादीतला शेवटचा शब्द, मद, मला तेव्हा आठवला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क ब्रेक सोडतो कसा? ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात, त्या दिसतात. डिस्क ब्रेकच्या पिस्टनला स्प्रिंग दिसत नाही. मी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी नवीन सील हातात दिलं. चौकोनी काठाची एक रबरी रिंग. पिस्टन पुढे जातो तेव्हा ही रिंग त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते. दाब संपला की रिंग आपल्या मूळ आकारात येते आणि पिस्टनला मागे घेते. किती? मिलिमीटरचा जेमतेम काही अंश. बस. पॅड डिस्कपासून लांब जात नाही, अगदी शेजारीच राहतो. पण चाक मोकळं फिरतं.

'सोडणं' या शब्दाची आपल्याला भीती वाटते, कारण आपल्याला वाटतं सोडणं म्हणजे फेकून देणं. शोक सोड म्हटलं की वाटतं, गेलेल्या माणसाला विसर असं सांगतायत. भय सोड म्हटलं की वाटतं, बेफिकीर हो. अपयशाचा विषाद सोड म्हटलं की वाटतं, परीक्षाच सोड. पण ब्रेक मिलिमीटरचा अंशच सोडतो, आणि तेवढ्याने गाडी चालते. परीक्षा हातात राहू दे. रात्री दिवा मालवताना तिची भीती मात्र केसभर मागे घे. नामस्मरणाचं काम मला त्या रबरी रिंगेसारखं वाटतं. दिवसभराच्या दाबाने मन पिळलं जाणारच. संध्याकाळी दहा मिनिटं बसलं की ते आपल्या मूळ आकारात येतं, आणि येताना पकड आपोआप थोडी सैल करतं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. श्लोकात विषाद हा शब्द आहे म्हणून कुणी उदास माणसाला 'तू तामसी आहेस' असं ऐकवू नये. काही विषाद हा आजार असतो. झोप, भूक, जगायची इच्छा यांवर तो परिणाम करत असेल तर डॉक्टरांकडे जायचं, जसं ब्रेकचं काम जाणत्या माणसाशिवाय करायचं नसतं. मदत घेणं हीसुद्धा धृतीच.

शेवटचं काम, ब्रेकमधली हवा काढणं. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखं दबतं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. हे दोन माणसांचं काम आहे. बायको ड्रायव्हरच्या सीटवर बसली, मी चाकापाशी. मी म्हणायचो "दाब", ती पेडल दाबायची, मी निपल उघडायचो, नळीतून फ्लुइड आणि बुडबुडे यायचे. मग "धर", ती पाय तसाच ठेवायची आणि मी निपल बंद करायचो. मग "सोड". दाब, धर, सोड. पुन्हा दाब, धर, सोड. दुसऱ्या चाकापर्यंत काकांनाही ते शब्द पाठ झाले आणि तेच त्यांच्या उच्चारात ओरडायला लागले.

यात क्रम चुकला तर काय होतं? निपल उघडं असताना पाय सोडला, तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते. म्हणजे सोडणं चांगलं, पण आधी दार बंद करून. रागाच्या भरात सोडलेली नोकरी, निकालाच्या रात्री सोडलेली परीक्षा, भांडणात सोडलेलं घर, हे सगळं उघड्या निपलवर सोडणं आहे. जे सोडायचं होतं तेच दुप्पट होऊन आत येतं.

म्हणून मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'धर' किंवा 'सोड' असं एका शब्दात मी देत नाही. तीन कसोट्या देतो. एक, चाकाला हात लावून बघ. काम झाल्यावर आम्ही गाडी पाच मैल चालवून आणली आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेला. पुढची दोन्ही चाकं सारखीच कोमट होती. तुझ्या दिवसाच्या शेवटी काय असतं? पाच पानं पुढे गेल्याचा थकवा, की जागच्या जागी घासून आलेली नुसती आग? दोन, तू नेमकं काय धरलंयस ते कागदावर लिही. अभ्यास धरला असशील तर ती धृती आहे. 'लोक काय म्हणतील' हे भय धरलं असशील, किंवा 'मी हरणारा नाही' हा मद, तर ताकद तीच आहे पण पिस्टन अडकलाय. तीन, पुन्हा बघायची तारीख आजच ठरव. ब्रेक फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदला म्हणतात, खराब व्हायची वाट बघत नाहीत. शांत मनाने आधी ठरवलेल्या दिवशी, आईवडिलांना शेजारी बसवून, धरायचं की सोडायचं ते ठरव. निकालाच्या रात्री नाही. आणि ठरेल ते दोन्हीपैकी काहीही असो, तो निर्णय सात्त्विक असू शकतो.

आजची साधना: झोपायच्या आधी पाच शब्द मनात घ्या. निद्रा, भय, शोक, विषाद, मद. आज यातलं कोणतं मी सोडलं नाही, ते एकच निवडा. त्याच्याशी झगडू नका. अकरा वेळा नाम घ्या आणि पकड केसभर सैल करा. केसभरच. उद्या पुन्हा.

उद्या श्लोक ३६ पासून, सुखाचे तीन प्रकार. सुरुवातीला विषासारखं वाटणारं आणि शेवटी अमृत होणारं सुख कोणतं, ते बघू.

राम कृष्ण हरी.